मेंढरांचा बाजार आणि मेंढपाळांचें गाऱ्हाणें

कार्तिक महिना लागला म्हणजे माणदेशांतील व त्याच्या लगतच्या टापूंतील जनावरांच्या बाजारांस रंग चढूं लागतो. आटपाडीची उत्तरेश्वराची यात्रा, मार्गशीर्षांत जतची यल्लम्मादेवीची, त्याच सुमारास म्हसवडचा सिद्धनाथाचा रथ, पुढें पौषांत खरसुंडी, असा हा क्रम आहे. खिलार खोंडांसाठीं ज्यानें त्यानें आपली यात्रा ठरविलेली असते. परंतु मेंढरांचा म्हणून जो बाजार भरतो त्याकडे आमच्यासारखा शेतकरी सहसा फिरकत नाहीं. तो धनगरांचा बाजार, आपलें तेथें काय काम, असें म्हणून तो पुढें जातो. आपल्या संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनांतहि आजवर हीच रीत चालत आली आहे. बैल, गाई, म्हशी यांना बक्षिसें. ऊंस, ज्वारीचीं कणसें, डाळिंबें यांना बक्षिसें. मेंढरास कांहीं नाहीं. यंदा मेंढरांचा वर्ग उघडावा अशी सूचना आली आहे व तिजवर कार्यकारी मंडळांत मतभेद आहे, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमची नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. मेंढ्या आम्हीं कधीं राखल्या नाहींत. पण मेंढ्यांवरून झालेल्या तंट्यांचे कागद पुष्कळ हाताळले, आणि या प्रश्नाची एक बाजू त्या कागदांतूनच चांगली दिसते.

प्रथम बाजाराकडे पाहूं. आटपाडी व जत या बाजारांत हल्लीं ज्याच्याभोंवतीं गर्दी जमते तो माडग्याळी मेंढा होय. जत तालुक्यांतील माडग्याळ या गांवावरून जातीस हें नांव पडलें. पांढऱ्या अंगावर तांबूस-तपकिरी ठिपके, लांब पाय, उंच मान आणि पोपटाच्या चोंचीसारखें पुढें आलेलें बांकदार नाक, ही तिची खूण. जातीचें कोंकरूं वाढीस जलद व अंगानें दख्खनी मेंढीपेक्षां मोठें होतें, हा गुण खरा आहे. व मांसाचा भाव चढत गेल्यापासून या गुणास पैसा मिळतो हेंहि खरें आहे. परंतु पुढें पुढें गुण मागें राहून नाक पुढें आलें. २०२० सालीं अशाच एका मेंढ्यास सत्तर लाख रुपयांना मागणी झाली व मालकानें दीड कोट सांगितले, ही बातमी राज्यांतील सर्व पत्रांनीं छापली होती. त्या मेंढ्याचें छायाचित्र पाहून ज्यांनीं जन्मांत मेंढी पाहिली नव्हती ते सुद्धां चकित झाले. दीड कोटींत किती एकर बागाईत येईल याचा हिशेब वाचकांनींच करावा. असा मेंढा दूध, अंडीं व खुराक खाऊन सावलींत वाढतो. तो कळपाबरोबर दहा कोस चालत नाहीं. हौसेस आमचा विरोध नाहीं. बैलगाडीची हौस आहे, कुस्तीची आहे, तशी ही. पण हौसेचा भाव म्हणजे धंद्याचा भाव असें समजून ज्यांनीं कर्ज काढून दोन लाखांचें कोंकरूं घेतलें, त्यांची पुढें काय गत होते हें त्याच बाजारांत चौकशी केल्यास कळतें.

आतां ज्या मेंढीकडे कोणी पाहत नाहीं ती पाहूं. ती दख्खनी, बहुधा काळी, लहान चणीची, काटक. पठारावर जेथें दुसऱ्या जनावरास काडी दिसत नाहीं तेथें ही दिवसभर वेंचून पोट भरते आणि उन्हाळ्यांत मैलोगणती चालते. तिची लोकर राठ; तिचें विलायती कापड होत नाहीं, घोंगडें होतें. वर्षांतून दोनदां कातरणी करावयाची, बायकांनीं सूत काढावयाचें, सनगरानें चिंचोक्याची खळ देऊन विणावयाचें, आणि तें घोंगडें पावसांत, थंडींत, देवापुढें व अंथरुणांत सर्वत्र चालावयाचें, अशी ही सांखळी पिढ्यान्‌पिढ्या चालली. ती आतां तुटत आली आहे. गिरणीची स्वस्त ब्लँकेटें आणि प्लास्टिकचे कागद आले, सनगरांचीं मुलें दुसऱ्या उद्योगांस लागलीं, आणि आज कित्येक ठिकाणीं कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतींतून निघत नाहीं. लोकर बांधावर टाकून देणारे मेंढपाळ आम्हीं पाहिले आहेत. मध्यंतरीं मेरिनो, रॅम्बुले वगैरे परदेशी जातींशीं संकर करून लोकर सुधारावी असे प्रयत्न सरकारी क्षेत्रांवर झाले. परंतु क्षेत्रावर जें साधतें तें वाड्यावर साधतेंच असें नाहीं. पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्यास नाजूक जनावर परवडत नाहीं. माडग्याळीच्या अंगावर कामाची लोकर जवळ जवळ नसतेच; तेव्हां बाजार जसजसा त्या बाजूस झुकेल तसतसें काळें घोंगडें दुर्मिळ होईल हें उघड आहे.

तिसरी एक गोष्ट या बाजारांत कोणासच दिसत नाहीं, कारण ती डोळ्यांनीं दिसण्यासारखी नाहीं. फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालच्या सुंदरबनांतील गारोळ नांवाची ठेंगणी मेंढी आणून दख्खनीशीं व पुढें इतर जातींशीं संकर केला, आणि जुळीं देण्याचा तिचा गुण आपल्याकडील कळपांत उतरविला. या संकरांतून झालेल्या वाणास 'नारी सुवर्णा' असें नांव आहे. हा गुण एकाच बीजघटकावर अवलंबून असल्यामुळें तो पिढीदरपिढी नेमका पुढें नेतां येतो. याच बंगाली मेंढ्या अठराव्या शतकाच्या अखेरीस जहाजांतून ऑस्ट्रेलियास गेल्या व तेथील बुरूला नांवाच्या मेरिनो कळपांत हा गुण त्यांच्यापासूनच आला, असें शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें आहे. म्हणजे आपल्या घरची वस्तु परदेशीं नांवाजली गेल्यावर आपल्या ध्यानांत आली. ज्या मेंढपाळाजवळ चाळीस मेंढ्या आहेत त्यास वर्षाला दहा कोंकरें अधिक मिळालीं तर त्याचा संसार बदलतो. अर्थात् जुळ्यांना आईचें दूध पुरलें पाहिजे, म्हणजे आईच्या पोटांत चारा पडला पाहिजे. नाहींतर दोन जन्मून एकहि जगत नाहीं. जुळें देणारी मेंढी दिसावयास चारचौघींसारखीच. परीक्षक दांत पाहतो, आदत, दोन दाती, चार दाती असे वर्ग पाडतो, छाती मोजतो, नाक पाहतो. तिनें गेल्या तीन वेतांत किती कोंकरें जगविलीं हें विचारीत नाहीं. नाकास लाखों रुपये आणि दोन कोंकरें जगविणाऱ्या आईस शाबासकी देखील नाहीं, हा न्याय आमच्या बुद्धीस पटत नाहीं.

बाजाराची अशी कथा, आतां व्यासपीठाची. मेंढरांची यात्रा म्हटली कीं तेथें मांडव असतो, मांडवांत पुढारी असतात. यांत नवल कांहीं नाहीं. धनगरांच्या यात्रांत राजकारणाचा उच्चार फार जुना आहे. पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेंत भंडारा, खोबरें व लोकर उधळतात आणि भाकणूक होते, तींत पावसापाण्याबरोबर राजकारणाचेंहि भविष्य सांगितलें जातें. विखुरलेला समाज वर्षांतून जेथें एकत्र येतो तेथेंच त्याचें गाऱ्हाणें निघावयाचें. हल्लीं व्यासपीठावरील मुख्य विषय अनुसूचित जमातींच्या सवलतींचा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींत ३६ व्या क्रमांकावर 'ओरांव, धांगड' अशी नोंद आहे. धांगड म्हणजे आम्हीच, इंग्रजी लेखनांत 'र' चा 'ड' झाला, असें धनगर म्हणतात. धांगड ही ओरांवांचीच एक शाखा असून तिचा मेंढपाळांशीं संबंध नाहीं, असें आदिवासी म्हणतात. सध्यां धनगरांस भटक्या जमाती (क) या वर्गांत साडेतीन टक्के जागा आहेत. त्या शिक्षण व राज्याच्या नोकऱ्यांपुरत्या होत, विधिमंडळाच्या राखीव जागा त्यांत येत नाहींत. २०१४ सालीं बारामतीस मोठें आंदोलन झालें, आश्वासनें मिळालीं, अभ्यास नेमले गेले. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें, यादींत बदल करण्याचा अधिकार न्यायालयास नाहीं म्हणून, अर्ज फेटाळले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत उलट पक्षाच्या म्हणजे आदिवासी आमदारांनीं, त्यांत विधानसभेचे उपाध्यक्ष देखील होते, मंत्रालयांतील संरक्षक जाळीवर उड्या टाकून आपला विरोध दाखविला. या वादांत कोणाचें बरोबर हें ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. यादी संसदेच्या हातीं आहे, व दोहों बाजूंस गरिबीच आहे, एवढें म्हणून आम्ही पुढें जातों. अहमदनगर जिल्ह्यास अहिल्यादेवींचें नांव २०२४ सालीं मिळालें याचा आनंद सर्वांसच झाला. परंतु ज्या चौंडी गांवीं ती थोर राज्यकर्ती १७२५ सालीं जन्मली, त्याच्या आसपासच्या माळांवर आज मेंढरूं कोठें चरावें, हा प्रश्न नांवानें सुटत नाहीं.

कारण मेंढपाळाचें खरें दुखणें चराईचें आहे, आणि त्यावर व्यासपीठावरून क्वचितच कोणी बोलतो. येथें आमच्या कचेरीचा अनुभव थोडा कामास येईल. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यांत सरकारी जमिनीपैकीं कांहीं जमीन गांवच्या जनावरांच्या मोफत चराईसाठीं राखून ठेवण्याची तरतूद होती. तीच १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत २२ वें कलम म्हणून आली. गायरान म्हणतात तें हेंच. पुढचें २३ वें कलम मात्र फार थोड्यांनीं वाचलेलें असतें. गायरानावरील चराईचा हक्क ज्या गांवास तें नेमून दिलें त्याच गांवच्या जनावरांपुरता आहे, असें तें सांगतें. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें घर, गोठा व गांव असलेला शेतकरी होता. जो वर्षांतील आठ महिने चालतो, ज्याची मेंढरें आज एका शिवारांत तर उद्यां दुसऱ्या, त्याचा या व्यवस्थेंत कोठेंच समावेश नाहीं. त्याच्या स्वतःच्या गांवीं त्यास हक्क आहे. पण तेथें आषाढ-श्रावणापुरताच तो राहतो. बाकी सर्व गांवांत तो परका. पूर्वीं ही अडचण जाणवत नसे, कारण पड जमीन मोकळी होती व पाटील-कुळकर्ण्यांच्या तोंडी परवानगीवर काम भागत असे. आतां गायरानांवर घरें, शाळा, कचेऱ्या, गोदामें, सौर विजेचे पट्टे आले. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं जगपाल सिंग यांच्या खटल्यांत गांवच्या सार्वजनिक जमिनी मोकळ्या करण्याविषयीं आज्ञा केली, राज्य सरकारनें त्याच वर्षीं निर्णय काढला, २०२२ सालीं उच्च न्यायालयानें गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हां अशीं अतिक्रमणें दोन लाखांहून अधिक असल्याचें बाहेर आलें. त्यांपैकीं पुष्कळ गरिबांचीं घरें आहेत, तीं पाडा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु उताऱ्यावर गायरान व जागेवर वसाहत असें झालें असतां मेंढपाळानें कोणाकडे बोट दाखवावें? त्यांतून टेंभू-म्हैसाळसारख्या योजनांचें पाणी दुष्काळी टापूंत आलें, ही आपणां शेतकऱ्यांच्या भाग्याची गोष्ट. तरी ज्या माळावर कुसळी उगवत होती तेथें डाळिंब व द्राक्ष उभें राहिलें, तारेचें कुंपण पडलें, व मेंढरांची जुनी वाट बंद झाली, हेंहि तितकेंच खरें.

रानाची गोष्ट याहून कठीण. १९२७ च्या वन कायद्याप्रमाणें राखीव जंगलांत जनावरें चारणें हा गुन्हा आहे. रोपवनाचीं रोपें मेंढरें खातात हें वनखात्याचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. पण जेथें वनखात्याचें नुसतें नांव व गवताचा माळ आहे तेथें सुद्धां तोच नियम लागतो, आणि दंडाच्या भीतीनें पावतीवांचून पैसे हातोहात जातात हें कोणीहि मेंढपाळ सांगेल. २००६ च्या वनहक्क कायद्यानें हें चित्र बदलावयास पाहिजे होतें. त्याच्या तिसऱ्या कलमांत चराईचा हक्क, मग तो गांवांत राहणाऱ्यांचा असो वा फिरत्यांचा, व भटक्या पशुपालकांचा हंगामी वापराचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. इतकेंच नव्हे, तर नियमांत असें आहे कीं पशुपालकांच्या दाव्यांची तपासणी ते लोक हजर असतील अशा वेळींच करावी. इतकी समजूत सरकारी नियमांत क्वचित् आढळते! परंतु अनुसूचित जमातींबाहेरच्या दावेदारास डिसेंबर २००५ पूर्वींचा पंचाहत्तर वर्षांचा पुरावा लागतो, व दावा ग्रामसभेपुढें मांडावा लागतो. ज्याच्या आजोबानें दरसाल वाट तुडविली पण कागद एक केला नाहीं, त्यानें पुरावा कोठून आणावा? आणि कोणत्या गांवची ग्रामसभा परगांवच्या मेंढरांसाठीं हात वर करील? ज्यांच्या घरीं चराईच्या किंवा कोंडवाड्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या असतील त्यांनीं त्या जपून ठेवाव्या. ती दंडाची पावती असली तरी अमुक सालीं अमुक रानांत मेंढरें होतीं याचा तो सरकारी दाखला आहे.

यांत आपला म्हणजे जमीनधारकाचा संबंध काय, असें कोणी विचारील. त्यानें आपल्या आजास आठवावें. दिवाळीनंतर वाडे निघाले कीं कोणाच्या रानांत किती रात्री मेंढरें बसावयाचीं याचा बेत बांधावर ठरत असे, व ज्याच्या रानांत शंभर-दोनशें मेंढ्या चार-सहा रात्री बसल्या त्याचें पुढच्या वर्षाचें पीक न सांगतां ओळखूं येई. मोबदला धान्यांत. कोंकणांत उतरणारे वाडे भातशेतांत बसत व भात घेऊन परतत. आजहि पारनेरच्या धवळपुरीकडील व माणदेशांतील कळप सह्याद्रि उतरून जातात. मोबदला बहुतेक रोकड झाला आहे इतकेंच. रासायनिक खतांच्या किमती व जमिनींतील कसाची आजची स्थिति पाहतां लेंडीखताकडे पाठ फिरविणें आपणांस परवडणारें नाहीं. लेंडी व मूत्र जागच्या जागीं मुरतें, वाहतूक नाहीं, उकिरड्यांत होणारी नासाडी नाहीं. तरीहि गांवोगांव तंटे वाढत आहेत. एकाच्या रानांत वाडा बसला, शेजाऱ्याची मका रात्रीं खाल्ली गेली, सकाळीं काठ्या निघाल्या, असे अर्ज कचेरींत येत. त्यांतील निम्म्या अर्जांत शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा बांधाचा जुना राग मेंढरांवर निघालेला असे, हें आम्हीं कागद वाचतां वाचतां शिकलों. दुसरें कारण फवारणीचें. काढलेल्या पिकाच्या रानांत मालक मेंढरें घालूं देतो, पण आठवड्यापूर्वीं काय फवारलें तें सांगत नाहीं. संध्याकाळीं पंचवीस मेंढ्या पडतात. हें सांगण्यास पैसा लागत नाहीं.

सरकार कांहींच करीत नाहीं असेंहि नाहीं. पुण्याचें मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून आहे, त्याचीं रांजणी, दहिवडी, महूद वगैरे ठिकाणीं क्षेत्रें आहेत. २०१७ पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेंत वीस मेंढ्या व एक नर पंचाहत्तर टक्के अनुदानानें देण्याची सोय झाली. २०१९ सालीं पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठीं दरमहा सहा हजार रुपये चराई अनुदानाची योजना आली. या योजना चांगल्या आहेत, मात्र अर्ज संगणकावर व मुदतींत करावयाचा, आणि मुदत बहुधा वाडा दूर असतांना संपावयाची. शिवाय वीस नव्या मेंढ्या दिल्यानें चरण्याचा एक गुंठाहि वाढत नाहीं. २०१९ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांत सुमारें २७ लाख मेंढ्या भरल्या. तेलंगणांत याच वेळीं १ कोट ९० लाख होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्यें सुरू झालेल्या एकविसाव्या गणनेंत फिरत्या पशुपालकांची वेगळी नोंद प्रथमच घेण्याचें ठरलें. याशिवाय संयुक्त राष्ट्रसंघानें २०२६ हें साल कुरणें व पशुपालक यांचें म्हणून जाहीर केलें.

आतां मूळ सूचनेकडे वळतों. मेंढरांचा वर्ग उघडूं नये असें म्हणणाऱ्यांचा आक्षेप असा कीं त्यामुळें नाकवाल्या मेंढ्यांची मिरवणूक होईल व पुढाऱ्यांस आणखी एक मांडव मिळेल. आक्षेप खोटा नाहीं, पण त्यास उपाय आहे. पहिला उपाय तिथीचा. आपलें प्रदर्शन माघांत भरतें; त्या वेळीं खरा मेंढपाळ कोंकणांत किंवा नदीकांठीं असतो, व मांडवांत येतो तो केवळ घरीं बांधून पोसलेला मेंढा. मेंढरांचा वर्ग दसऱ्याच्या सुमारास, वाडे निघण्यापूर्वीं, वेगळा भरवावा. एकट्या नरास बक्षीस नसावें. दहा मेंढ्या त्यांच्या कोंकरांसह उभ्या कराव्या व कळपास बक्षीस द्यावें. जुळीं वाढविणाऱ्या मेंढीस एक, दख्खनी काळ्या लोकरीस एक, आणि हातानें विणलेल्या घोंगड्यास एक, अशीं बक्षिसें पुरेत. परीक्षकांत पशुवैद्याबरोबर एक वृद्ध मेंढपाळ असावा. त्याच दिवशीं पीपीआर व आंत्रविषार यांच्या लसी टोचून घ्याव्या, म्हणजे बक्षीस न मिळालेला देखील रिकाम्या हातानें जाणार नाहीं. मांडव घालावा, पण भाषणांऐवजीं तेथें तलाठी, वनरक्षक व योजनांचे अर्ज भरणारा लेखनिक यांना बसवावें. आणि ज्या गांवांतून वाडे जातात तेथील सभासदांनीं आपल्या रानांत कोणत्या महिन्यांत किती रात्री मेंढरें बसूं देतां येतील व मोबदला काय, याची यादी त्या दिवशीं फळ्यावर लावावी. शेवटली फवारणी केव्हां केली तें यादींतच लिहावें.

मंडळाची बैठक पुढील महिन्यांत आहे. ज्या सभासदांकडे दरवर्षीं वाडा बसतो त्यांनीं आपल्या ओळखीच्या मेंढपाळास विचारून, त्याचा मुक्काम कोणत्या तिथीपर्यंत गांवीं असतो तें चिटणीसांस कळवावें. प्रदर्शनाची तारीख त्यावरूनच धरावी लागेल.